क्वांटिटेटिव्ह मार्केटिंगमधली प्राध्यापकी: स्टॅटवाल्यांनी आणि इंजिनिअरांनी या वाटेचा विचार करावा

कृष्णाकाठ

गणित, स्टॅटिस्टिक्स किंवा इंजिनिअरिंग केलेल्या आणि संशोधनात जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हा धागा काढतेय. मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये मार्केटिंग विभागात शिकवते. माझं स्वतःचं शिक्षण मात्र सगळं आकड्यांचं: सांगलीत बीएस्सी, पुण्याला स्टॅटमध्ये एमएस्सी, मग इकडे पीएचडी. अशी काही वाट आहे हे तेव्हा आमच्या वर्गात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तिकडून येणाऱ्या मेल पाहता आजही फारसं ठाऊक नाही. या विषयात चमकतील अशी मुलं बँकांमध्ये क्रेडिट स्कोअरची मॉडेलं करायला जातात. तेही चांगलंच काम आहे, पण ठरवताना हा पर्याय समोर असायला हवा.

विषय काय आहे? माणूस समोरच्या चार-पाच पर्यायांतून एक उचलतो. त्यात किमतीचा वाटा किती, सवयीचा किती, जाहिरातीचा किती? आणि किंमत दोन रुपयांनी जास्त असती तर त्याने काय केलं असतं? सगळी मेहनत या शेवटच्या प्रश्नावर आहे. जे घडलं त्याची नोंद मिळते, जे घडलं असतं त्याची कुठेच मिळत नाही. ते काढायला अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र तिन्ही लागतात.

याची मुळं मार्केटिंगमध्ये नाहीतच. थर्स्टन या मानसशास्त्रज्ञाने १९२७ साली दोन गोष्टींतली पसंती मोजण्याचा नियम मांडला. डंकन लूस यांनी १९५९ मध्ये निवडीच्या संभाव्यतेला गणिती पाया दिला. डॅनियल मॅकफॅडन यांनी १९७४ च्या शोधनिबंधात कंडिशनल लॉजिट मॉडेल (प्रत्येक पर्याय निवडला जाण्याची संभाव्यता त्याच्या किमतीवरून आणि गुणांवरून काढणारं सूत्र) मांडलं आणि खऱ्या माणसांच्या खऱ्या निवडींवर ते बसवायची रीत घालून दिली. त्या काळातली एक हकिकत मी दरवर्षी वर्गात सांगते. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात बार्ट ही नवी रेल्वे १९७२ मध्ये सुरू झाली. कामावर जाणाऱ्यांपैकी १५ टक्के लोक तिने जातील असा अधिकृत अंदाज होता. मॅकफॅडन यांच्या गटाने गाडी सुरू होण्याआधी लोक कसे प्रवास करतात, किती वेळ आणि किती पैसे घालवतात याची माहिती गोळा करून मॉडेल बसवलं आणि ६.३ टक्के असं सांगितलं. प्रत्यक्षात ६.२ टक्के निघाले. अजून धावतही नसलेल्या गाडीबद्दल इतकं सांगता येतं, हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. २००० सालचं अर्थशास्त्राचं नोबेल मॅकफॅडन यांना जेम्स हेकमन यांच्याबरोबर मिळालं.

मार्केटिंगकडे हे आलं बारकोडमुळे. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचं एक पाकीट स्कॅन झालं, आणि पुढच्या काही वर्षांत कुठल्या घराने कुठल्या दिवशी काय, किती रुपयांना, म्हणजे डॉलरना घेतलं याच्या याद्या मिळू लागल्या. १९८३ मध्ये ग्वादान्यी आणि लिटल यांनी कॅन्सस सिटीतल्या १०० घरांच्या कॉफीखरेदीवर लॉजिट बसवलं. आमच्या विषयातली अर्धीअधिक झाडं त्या एका शोधनिबंधातून फुटलेली आहेत. इंजिनिअर मंडळींसाठी: क्यूइंग थिअरीतला, म्हणजे रांगांच्या गणितातला, लिटल्स लॉ ज्यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला, तेच हे एमआयटीचे जॉन लिटल.

पुढचा तांत्रिक प्रवास इथे थोडक्यातच. साध्या लॉजिटमध्ये एक मोठी खोट आहे. निम्मे लोक कारने आणि निम्मे लाल बसने जात असतील, आणि तशीच एक निळी बस सुरू केली, तर हे मॉडेल तिघांना एक तृतीयांश वाटून टाकतं. रंग बदलला म्हणून कारवाला बसमध्ये का बसेल? ही खोट दूर करण्यात आणि 'प्रत्येक घर वेगळं असतं' हे मॉडेलमध्ये आणण्यात पुढची वीस वर्षं गेली. कामाकुरा आणि रसेल (१९८९), बेरी, लेव्हिन्सन आणि पेक्स (१९९५), रॉसी, मॅककुलक आणि अॅलनबी (१९९६) ही नावं शोधून वाचा.

भारतातून आलेल्यांनी इथे फार मोठं काम केलंय. कॉन्जॉइंट अॅनालिसिसचा (वस्तूच्या कुठल्या गुणाला लोक किती महत्त्व देतात हे त्यांच्या पसंतीवरून काढण्याच्या पद्धतीचा) १९७१ चा पायाचा शोधनिबंध पॉल ग्रीन आणि विठ्ठल राव यांचा. ती पद्धत पुढे नेणारे व्ही. श्रीनिवासन आयआयटी मद्रासहून स्टॅनफर्डला आलेले. दीपक जैन आसामातल्या तेजपूरचे, गुवाहाटी विद्यापीठात स्टॅट शिकलेले. ते २००१ मध्ये केलॉग या बिझनेस स्कूलचे डीन झाले. शिकागो विद्यापीठाचे प्रदीप चिंतागुंटा यांचं नाव नसलेली वाचनयादी मी पाहिलेली नाही. छोट्या गावातून, साध्या विद्यापीठातून आलेल्यांनी हे मुद्दाम वाचावं म्हणून लिहिलं.

एक उदाहरण सविस्तर देते, कारण या विषयाचा स्वभाव त्यातून कळतो. सेल लागला की विक्री उसळते. ती कुठून येते? १९८८ मध्ये सुनील गुप्ता यांनी कॉफीच्या आकड्यांवरून दाखवलं की सेलच्या परिणामातला ८४ टक्क्यांहून अधिक भाग ब्रँड बदलण्याचा असतो; खरेदी लवकर करण्याचा १४ टक्क्यांहून कमी आणि साठा करण्याचा २ टक्क्यांहून कमी. पुढच्या अभ्यासांमध्ये इतर वस्तूंबाबतही साधारण तीन चतुर्थांश असा आकडा आला, आणि पंधरा वर्षं सगळे तेच शिकवत राहिले. मग २००३ मध्ये व्हॅन हेर्डे, सचिन गुप्ता (हे गुप्ता वेगळे) आणि विटिंक यांनी दाखवून दिलं की ती टक्केवारी लवचिकतेची (किंमत एक टक्का बदलली तर विक्री किती टक्के बदलते त्या मापाची) आहे, विकल्या गेलेल्या नगांची नव्हे. नगांत मोजलं तर ब्रँडच्या वाढलेल्या खपातला सुमारे ३३ टक्केच इतर ब्रँडांकडून ओढलेला असतो. सेलमुळे त्या वस्तूची एकूण खरेदीही वाढते, त्या वाढीव खरेदीत इतर ब्रँडांनाही थोडा वाटा मिळतो, आणि त्यामुळे त्यांचं निव्वळ नुकसान बरंच कमी भरतं. जुना आकडा गणित म्हणून बरोबरच होता. लोक त्यातून काढत असलेला अर्थ चुकत होता. ज्याला असल्या गोष्टीत रात्र रात्र बसावंसं वाटतं त्याने इकडे यावं.

आणि हा धागा काढण्याचं खरं कारण. आमची जवळजवळ सगळी मॉडेलं अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या सुपरमार्केटांच्या आकड्यांवर वाढलेली आहेत. मी जिथे वाढले तिथे सामान किराणा दुकानातून, वहीवर, काउंटरपलीकडून येतं. तो ग्राहक या मॉडेलांमध्ये जवळजवळ नाहीच. त्याला आत आणायचं तर तो बाजार ज्यांनी लहानपणापासून पाहिलाय अशी माणसं लागतील.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देते.

चाफेकळी

वाखुसा (वाचनखूण साठवली). भाचीला लिंक पाठवली आहे, ती स्टॅटच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

एमएस्सी_कोल्हापूर

ताई, खूप धन्यवाद. मी स्टॅट एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझे प्रश्न: आधी एमबीए करावं लागतं का? अर्थशास्त्र मी बारावीनंतर शिकलेलो नाही, ते चालेल का? आणि पैशांचं काय? घरून खर्च होण्यासारखी परिस्थिती नाही.

कृष्णाकाठ

पैशांचं आधी सांगते, कारण याच एका भीतीपायी बरीच मुलं अर्जच करत नाहीत. इथल्या बिझनेस स्कूलांच्या पूर्ण वेळ पीएचडीत साधारणपणे फी माफ असते आणि वर राहण्या-जेवण्यापुरतं विद्यावेतन मिळतं. त्या बदल्यात संशोधनात मदत करायची, काही ठिकाणी शिकवायचं. एमएसला लागतं तसं कर्ज यात काढावं लागत नाही. मात्र जागा अगदी थोड्या असतात. एका विभागात एका वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मुलं घेतात.

एमबीए लागत नाही. खरं तर क्वांट बाजूला प्रवेश देणारे आधी रिअल अॅनालिसिस, लिनिअर अल्जिब्रा, संभाव्यता आणि कोडिंग बघतात. अर्थशास्त्र नसलं तरी चालतं, पण पहिल्या वर्षी अर्थशास्त्र विभागातल्या पीएचडीच्या मुलांबरोबर मायक्रो (माणसं आणि कंपन्या निर्णय कसे घेतात त्याचं अर्थशास्त्र) आणि इकॉनोमेट्रिक्सला (अर्थशास्त्रातलं संख्याशास्त्र) बसवतात आणि तिथे कुणी हात धरून चालवत नाही. आत्तापासून मायक्रोचं एक चांगलं पुस्तक हाताखालून घाल. केनेथ ट्रेन यांचं डिस्क्रीट चॉइसवरचं पाठ्यपुस्तक त्यांच्या बर्कलीच्या पानावर मोफत आहे. ते नुसतं वाचू नकोस, त्यातलं प्रत्येक मॉडेल स्वतः कोड करून बघ. तयार पॅकेज वापरण्याआधी लॉजिटचं लाइकलिहूड फंक्शन (मिळालेला डेटा मॉडेलनुसार किती संभाव्य आहे ते सांगणारं सूत्र) एकदा आपल्या हाताने लिही. बनावट डेटा तयार कर आणि आपण घातलेले आकडे परत मिळतात का ते तपास. तेवढं जमलं की तुझं तुलाच कळेल हे आवडतं की नाही.

अजून एक. मार्केटिंगच्या पीएचडीत दोन मोठे प्रवाह आहेत. एक आमचा क्वांट, दुसरा कन्झ्युमर बिहेविअर, म्हणजे प्रयोगशाळेत प्रयोग करणाऱ्यांचा. अर्जात कुठला हवा ते स्पष्ट लिहायचं. दोन्हीकडे पाय ठेवलेला अर्ज सहसा मागे पडतो.

सिअॅटलकर

लेख उत्तम. मी हीच पीएचडी केली आणि आता एका टेक कंपनीत इकॉनॉमिस्ट आहे, म्हणून दुसरी बाजूही मांडतो.

पाच वर्षं पीएचडी, कधी सहा. त्यातली पहिली दोन अभ्यासक्रम आणि परीक्षांची. पुढे सगळं एका जॉब मार्केट पेपरवर, म्हणजे नोकरीच्या अर्जासोबत द्यायच्या मुख्य शोधनिबंधावर, येऊन ठेपतं. शेवटच्या वर्षी उन्हाळ्यात अर्ज, मग मुलाखती (पूर्वी या अमेरिकन मार्केटिंग असोसिएशनच्या उन्हाळी परिषदेत व्हायच्या, करोनानंतर बहुतेक व्हिडिओवर होतात), मग निवडक ठिकाणी दिवसभराची भेट आणि तुमचं व्याख्यान. व्याख्यानात पाचव्या मिनिटाला कुणीतरी विचारतं, 'तुमचं आयडेंटिफिकेशन कुठून येतं?' म्हणजे हा परिणाम याच कारणाचा, दुसऱ्या कशाचा नाही, हे डेटातल्या कशावरून म्हणता? त्याचं उत्तर तयार नसलं तर उरलेला तास फार लांब वाटतो.

नोकरी मिळाली की टेन्युअरचं, म्हणजे कायम नेमणुकीचं, घड्याळ सुरू. साधारण सहा वर्षांत चांगल्या जर्नलांमध्ये पेपर यायला हवेत. एक पेपर पहिल्या मसुद्यापासून छापून येईपर्यंत तीन-चार वर्षं सहज जातात. रेफरी, म्हणजे जर्नलने नेमलेले निनावी परीक्षक, दुरुस्तीच्या दोन-दोन, तीन-तीन फेऱ्या करायला लावतात आणि शेवटी नाकारूही शकतात. ज्यांना कामाचं फळ लवकर दिसावं लागतं त्यांची यात घुसमट होते. माझी झाली.

कंपनीत डेटा अफाट आहे, प्रयोग करायची सोय आहे, पगार चांगला आहे. नाही ते एकच, प्रश्न माझा नसतो. माझ्या मनातला प्रश्न मी तीन वर्षं उकलत बसलो तर कुणी बसू देणार नाही. कोल्हापूरकर, हे दोन्ही तराजूत घालून बघ. पीएचडीनंतर दोन्ही दारं उघडी असतात हे मात्र नक्की.

कृष्णाकाठ

सिअॅटलकर, अगदी खरं लिहिलंत. थोडी भर घालते. रेफरींच्या फेऱ्यांनी माझे स्वतःचे पेपर दर वेळी सुधारलेच आहेत, हे मी मनापासून म्हणते. ज्या व्यक्तीचं नाव मला कधी कळणार नाही, तिने माझ्या कामावर आठवडा घालवून पाच पानं लिहून पाठवलेली असतात. इतक्या बारकाईने माझं काम आणखी कुणी वाचलेलं नाही.

भारतात राहून करायचं असेल तर आयआयएमच्या डॉक्टरेटचा विचार करा. २०१७ च्या कायद्यानंतर तिथे रीतसर पीएचडी पदवी मिळते. आयएसबीत आणि आयआयटी मुंबईच्या मॅनेजमेंट स्कूलमध्येही सोय आहे. अर्ज करण्याआधी तिथे क्वांटमध्ये सध्या कोण आहे, गेल्या पाच वर्षांत त्यांनी काय छापलंय, त्यांचे विद्यार्थी कुठे लागले, हे पाहून घ्या. संस्थेच्या नावापेक्षा गाइड महत्त्वाचा. हे इथेही तितकंच लागू आहे.

ग्राहकसंघ

मी मुंबई ग्राहक पंचायतीचा अनेक वर्षांचा सभासद. १९७५ पासून आम्ही एकत्र यादी करतो, एकत्र माल घेतो, वाटून घेतो, जाहिरातबाजीला बळी पडत नाही. लेख अभ्यासपूर्ण आहे यात शंका नाही. पण मुद्दा स्पष्टच मांडतो. माणसाचं मन कुठे वाकतं हे मोजायचं आणि ते ज्ञान कंपन्यांच्या हाती द्यायचं, हेच ना शेवटी? इतकी हुशार मुलं साबण कसा जास्त खपेल याच्या मागे लागावीत, हे मला पटत नाही.

कृष्णाकाठ

काका, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा लांब लिहिते.

कंपन्या हे ज्ञान वापरतात, आणि काही ठिकाणी ग्राहकाच्या विरोधात वापरतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण विद्यापीठातल्या संशोधनात आणि कंपनीतल्या संशोधनात एक मोठा फरक आहे: आमचं काम छापलं जातं, कुणालाही वाचता आणि खोडून काढता येतं. हीच मॉडेलं दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाने भाव किती वाढतील हे सरकारी यंत्रणांना सांगतात. ग्राहकाची बाजू न्यायालयात मांडायची तर 'भाव वाढला नसता तर लोकांनी काय घेतलं असतं' हे कुणाला तरी आकड्यांत सांगावंच लागतं.

एक ठोस उदाहरण. फिलाडेल्फियाने २०१७ मध्ये गोड पेयांवर औंसाला दीड सेंट कर लावला. लोकांनी साखर कमी प्यावी हा उद्देश. झायलर, टकमन आणि याओ या मार्केटिंगच्या प्राध्यापकांनी दुकानांतले आकडे घेऊन त्याचा हिशेब केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कराचा ९७ टक्के बोजा किमतीत उतरला, भाव सरासरी ३४ टक्के वाढले, शहरातला खप ४६ टक्के घटला. वर्तमानपत्राने एवढ्यावरच यशाची बातमी केली असती. पण त्यांनी शहराच्या हद्दीबाहेरची दुकानंही पाहिली. लोक गाडी काढून तिथे जात होते. ते धरल्यावर खरी घट फक्त २२ टक्के उरली. शिवाय जे गरीब आहेत त्यांना हद्दीबाहेर जाणं कमी परवडतं, म्हणजे कर कुणावर पडतो हा प्रश्न निघाला. धोरण ठरवणाऱ्याला हे कळायला हवं की नको? हे काम करायला तीच हत्यारं लागतात जी साबण विकायला लागतात.

तुमच्या पंचायतीबद्दल तर मला खरंच कुतूहल आहे. शेकडो घरांसाठी कुठला माल यादीत घ्यायचा हे समितीने ठरवायचं आणि घरांनी त्यातून निवडायचं, अशी रचना इतकी वर्षं टिकली आहे. यादी आखूड केल्याने लोकांचं समाधान वाढतं की घटतं, याचा इतका चांगला नमुना मला दुसरा माहीत नाही.

ग्राहकसंघ

हद्दीबाहेरच्या दुकानांचं उदाहरण पटलं. आक्षेप पूर्ण गेलेला नाही, पण विचार करतो. पंचायतीच्या जुन्या याद्या कुणाकडे जपलेल्या आहेत का ते विचारून सांगेन.

मनमोकळी

यादी आखूड केल्याने समाधान वाढतं हे तर सिद्ध झालंय ना? जॅमचा प्रयोग. २४ बरण्या ठेवल्या तेव्हा लोक थांबले जास्त, पण घेतला फार थोड्यांनी. ६ ठेवल्या तेव्हा कितीतरी जास्त लोकांनी घेतला. प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतात.

कृष्णाकाठ

प्रयोग खरा आहे. अय्यंगार आणि लेपर, २००० साल. २४ बरण्यांपुढे थांबलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी खरेदी केली, ६ बरण्यांपुढे थांबलेल्यांपैकी ३० टक्क्यांनी. पण २०१० मध्ये शायबेहेने आणि सहकाऱ्यांनी अशा ५० प्रयोगांचे निकाल एकत्र केले तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. म्हणजे कधी जास्त पर्याय त्रासदायक ठरतात, कधी हवेहवेसे वाटतात. कधी काय होतं हे शोधणं बाकी आहे. ट्रेनिंगवाले २००० सालापाशी थांबलेत.

दुकानदार_कराड

सगळं वाचलं. दुकान वडिलांच्या वेळेपासून आहे, कराडपासून जवळच. ताईंनी किराण्याचा विषय काढला म्हणून लिहितो. पुस्तकी काही माहीत नाही, रोज जे बघतो ते सांगतो.

गिऱ्हाईक निवडतं हे अर्धंच खरं. 'पावशेर चहा द्या' म्हणतात, कुठला ते सांगत नाहीत. मी जो देतो तोच जातो. कुठला द्यायचा ते मी माझ्या मार्जिनवर ठरवतो, कुठला माल पडून आहे त्यावर ठरवतो, आणि खरं सांगायचं तर त्या घराची वहीत बाकी किती आहे त्यावरही ठरवतो. बाकी जास्त असेल तर तेही महागडं मागत नाहीत, संकोच असतो. पोराच्या हाती चिठ्ठी देतात तेव्हा त्यात कोलगेट लिहिलेलं असतं, हवी असते कुठलीही पेस्ट.

दुसरं म्हणजे पैसा कधी हातात येतो त्यावर सगळं आहे. उसाचं बिल जमा झालं की किलोची पाकिटं, मोठ्या बाटल्या जातात. तीच घरं पावसाळ्यात शाम्पूची माळ तोडून दोन पुड्या नेतात. पगारदार महिन्याचा बाजार भरतो, मजुरीवाला रोजचं रोज. माणूस तोच, ब्रँडही कधी कधी तोच, पण माप वेगळं. मोठं पाकीट स्वस्त पडतं हे त्यांना कळत नाही असं नाही, चांगलं कळतं. त्या दिवशी खिशात तेवढे नसतात.

तिसरं, कंपनीची स्कीम. डझनावर एक फुकट आलं तर तो माझा नफा. गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता नसतो. तुमच्या आकड्यात ती स्कीम दिसत असेल तर ती खाली पोचली असं धरू नका.

कृष्णाकाठ

दादा, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून ठेवला आहे. एकेक मुद्दा घेते, कारण यातला प्रत्येक एक पीएचडीचा विषय आहे.

आमच्या मॉडेलांमध्ये गृहीत असतं की निवडणारा एकच आहे आणि सगळे पर्याय त्याच्या डोळ्यासमोर आहेत. तुमच्याकडे निवड दोघांची मिळून होते. विकलेल्या मालाची यादी हाती आली तरी त्यातून गिऱ्हाइकाची पसंती किती आणि तुमची किती हे वेगळं काढता येणार नाही. त्यासाठी तुमचं मार्जिन आणि तुमचा साठाही हवा.

सवयीचंही तसंच. एक घर वर्षभर एकच चहा घेतं. ते सवयीने घेतं, त्याला तो मुळात आवडतो म्हणून, की दुकानात तेवढाच असतो म्हणून? इथे द्युबे, हिच आणि रॉसी यांनी २०१० मध्ये मार्गरीन आणि संत्र्याच्या रसाच्या खरेदीवर हा प्रश्न तपासला आणि घराघरांतली आवडीनिवडीची भिन्नता नीट हिशेबात धरूनही सवयीचा भाग शिल्लक राहतो असं दाखवलं. पण तिथे फडताळावर सगळे ब्रँड कायम मांडलेले असतात. तुमच्या दुकानात तिसरं कारण फार मोठं असेल असं मला वाटतं.

आणि ऊसबिल. हातात रोख किती हे आमच्या बहुतेक मॉडेलांमध्ये येतच नाही, कारण आठवड्याच्या किराण्याला पैसे आहेत हे तिथे गृहीत धरलेलं आहे. दोन पुड्या नेणाऱ्या बाईला मॉडेल म्हणेल की तिला छोटं माप आवडतं. तिला ते आवडत नाही, तिची त्या दिवशीची ऐपत तेवढी आहे. पसंती आणि ऐपत यांची अशी गल्लत केली तर त्यावर उभं राहणारं प्रत्येक धोरण चुकणार. यूपीआयने हे सुटेल असं बरेच जण मला सांगतात. यूपीआयमध्ये अमुक दुकानाला ८७ रुपये गेले एवढं दिसतं, त्या ८७ रुपयांत काय घेतलं आणि काय सोडलं हे दिसत नाही. सरकारी घरखर्च सर्वेक्षणात कशावर किती खर्च झाला ते कळतं, ब्रँड कळत नाही, नाकारलेले पर्याय तर नाहीच.

आकडेमोड

इकॉनोमेट्रिक्स शिकवतो, म्हणून एक अडचण मांडतो. आपल्याकडे छोट्या पाकिटाची किंमत ५ किंवा १० रुपयांना खिळलेली असते. खर्च वाढला की किंमत तीच राहते, वजन घटतं. किंमत हलतच नसेल तर किमतीचा परिणाम मोजणार कशावरून? मॉडेल कितीही सुंदर असो, डेटात हालचाल नसेल तर उत्तर मिळणार नाही.

कृष्णाकाठ

बरोबर. हालचाल वजनात आहे, म्हणून ग्रॅममागे किंमत घ्यावी लागेल. पण लोक वजनातली घट किमतीतल्या वाढीइतकी टिपतात का, हाच मुळात प्रश्न आहे, त्यामुळे दोन्हींना वेगळे गुणक द्यावे लागतील. शिवाय अलीकडे एक दुर्मीळ संधी आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. पाच रुपयांच्या पाकिटाचा हिशेब ४ रुपये ४५ पैसे असा होतो. तिथे विचित्र किंमत छापायची की पाच रुपयेच ठेवून वजन वाढवायचं, असे दोन मार्ग होते.

आकडेमोड

पण एकाच दिवशी सगळीकडे लागू झालं. तुलनेला गट कुठला? आणि दिवाळी तोंडावर होती, खप एरवीही वाढतो.

कृष्णाकाठ

दिवाळीचा मुद्दा पूर्ण मान्य, आधीच्या वर्षांचे सणाच्या आसपासचे आकडे हवेतच. तुलनेसाठी मी दोन गोष्टी पाहीन. एक, ज्यांचा दर बदलला नाही अशा वस्तू त्याच दुकानांत. दुसरं आणि जास्त उपयोगाचं, जुना माल. कराडच्या दुकानात जुन्या वजनाची पाकिटं संपेपर्यंत नवी येत नाहीत, आणि प्रत्येक दुकानाचा जुना साठा वेगळ्या दिवशी संपतो. बदल एकाच दिवसाचा असला तरी गिऱ्हाइकाच्या हाती तो वेगवेगळ्या दिवशी पडला. मात्र ज्या दुकानाचा माल लवकर खपतो ते मुळातच वेगळं असतं, ही शंका त्यातही उरते.

आकडेमोड

शंका उरतेच. पण करून बघण्यासारखं नक्की आहे.

दुकानदार_कराड

जुना माल माझ्याकडे दसऱ्यानंतरही होता. भाव खाली आला हे टीव्हीवर ऐकून लोक जुनंच पाकीट कमी पैशात मागत होते, त्यावरून रोज बोलणी व्हायची. बिलं सगळी ठेवलेली आहेत. वहीही आहे. अभ्यासाला उपयोगी पडणार असेल तर बघू देईन, फक्त लोकांची नावं बाहेर जायला नकोत.

कृष्णाकाठ

दादा, फार मोठी गोष्ट देऊ केलीत. नावांबद्दल तुम्ही म्हणताय ते आमच्याकडे नियमातच आहे. माणसांची माहिती हाताळण्याआधी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी घ्यावी लागते, नावं दुकानातच काढून टाकून त्याजागी क्रमांक घालायचे, आणि ज्यांची वही आहे त्यांनाही विचारायचं. परवानगी मिळेपर्यंत मी त्यातलं एकही पान पाहणार नाही. तोवर बिलं वाळवीपासून जपा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

एमएस्सी_कोल्हापूर

ताई, कराड मला जवळ आहे. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी हा विषय घेता येईल का? आणि पीएचडीचे अर्ज कधी असतात?

कृष्णाकाठ

घेता येईल, पण आधी तुझ्या विभागातल्या मार्गदर्शकांना विचार आणि तिथली परवानगीची पद्धत समजून घे. सुरुवातीला उधारीला हात लावू नकोस. फक्त कंपनीकडून आलेल्या मालाची बिलं घे, त्यात कुणा गिऱ्हाइकाची खासगी माहिती नसते, आणि एकाच प्रकारच्या वस्तूवर थांब. बिस्किटं घे. पाकिटाचं वजन, छापील किंमत, आलेली तारीख, आणि दादांना आठवत असेल तर स्कीम. एवढ्यावरून जुना माल कधी संपला याचा अंदाज बांधता येतो का ते बघ. आकडेमोड सर, तुम्हाला वेळ असेल तर याच्यावर लक्ष ठेवाल का?

अर्जाच्या तारखा बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत असतात, प्रवेश पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरचा. जीआरई किंवा जीमॅट मागतात का ते त्या त्या विभागाच्या पानावर बघ, सगळीकडे सारखं नाही. तीन शिफारसपत्रं लागतील. ती ज्यांनी तुझं काम खरोखर पाहिलंय त्यांचीच घे, पदाने मोठ्या माणसाची मोघम पत्रं उपयोगाची नसतात. उद्देशपत्रात 'मला लहानपणापासून आकड्यांची आवड' वगैरे लिहू नकोस. बिस्किटांचा प्रश्न लिही, तो उकलायला काय अडचण आली ते लिही. पहिला मसुदा ऑक्टोबरपर्यंत पाठव, मी वाचते.

आकडेमोड

लक्ष ठेवतो. कोल्हापूरला महिन्यातून एकदा येणं होतं. व्यनित नंबर दे.